हवाई हल्ला की नाकेबंदी? ऑक्टोबर १९६२

क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं दिसली तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींपुढे दोन मुख्य वाटा होत्या. हवाई हल्ल्याने झटपट निकाल लागेल, असं सेनाप्रमुखांना वाटत होतं. पण सगळी क्षेपणास्त्रं नष्ट होतील याची हमी हवाई दलालाही देता येईना. शिवाय बेटावर छोटी अण्वस्त्रं आधीच पोचली होती, हे वॉशिंग्टनला ठाऊकच नव्हतं!

क्यूबाकडे येणारी जहाजं समुद्रातच अडवायची, ही नाकेबंदी संथ होती, आलेली क्षेपणास्त्रं तिने हलणार नव्हती. पण सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना माघारीसाठी वेळ मिळाला, म्हणून मला तीच योग्य वाटते. निर्धोक मात्र तीही नव्हती. २७ ऑक्टोबरला सोव्हिएत बी-५९ पाणबुडीत असह्य उकाडा, भोवती अमेरिकी इशाऱ्याचे स्फोट. सोबतच्यांच्या आठवणींनुसार संतापलेला कप्तान अणुटॉर्पेडो सज्ज करायला निघाला होता. पाणबुडीतलेच वरिष्ठ अधिकारी वासिली अर्खिपोव्ह यांनी त्याला शांत केलं, असं सांगितलं जातं.