सिमेंटचं तयार तुळशीवृंदावन: रंगापेक्षा तळ बघा

कार्तिक शुद्ध द्वादशीला तुळशीची लग्नं सुरू होतात. त्याआधी जळगाव-धुळ्याकडे रस्त्याकडेला रंगीत वृंदावनं मांडलेली दिसतात. घडण मजबूत आणि दिवळी खोल असते, वाऱ्यात पणती टिकते. इथवर पैसे वसूल.

खोट तळाशी आहे. बऱ्याच नगांना पाणी निघायला भोकच नसतं, असलं तर रंगाने बुजलेलं. रोज पूजेचं तांब्याभर पाणी पडतं आणि आत शेतातली काळी माती भरलेली असली की मुळं कुजतात. पानं पिवळी पडली की लोक आणखी पाणी घालतात! बोटभर जाड भोक पाडून घ्या, त्यावर खापरी ठेवा. मातीसाठी दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग शेणखत, एक भाग वाळू. आतली रुंदी वीतभर तरी हवी; नक्षीदार, निमुळत्या नमुन्यांत ती भरत नाही.

नव्या सिमेंटचा क्षार मुळांना बाधतो. आठवडाभर पाणी भरून ठेवा, रोज बदला, मगच रोप लावा.

वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, तेव्हा सिमेंट तव्यासारखं तापतं. दुपारची सावली हवीच. गडद रंग टाळा. दूध आणि हळदकुंकू मातीत नको, बुरशी धरते. कुंकू बाहेरून कठड्याला लावावं. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर झाड दाट राहतं, नैवेद्यावरच्या पानाला तोटा पडत नाही.

भोक असेल तरच घ्या, नाहीतर मातीची कुंडी बरी.