मिरचीचं बी: चटणीच्या मिरचीतलं, पाकिटातलं, की सरळ तरूच आणायचा?

मे महिन्यात कांदा-लसूण चटणीच्या मिरच्यांचे देठ खुडायला आम्ही बसतो. हाताला तेल, नाकाला पदर, तरी शिंका चुकत नाहीत. काम संपवून उठलं की खाली अंथरलेल्या जुन्या साडीवर मूठभर बी पडलेलं असतं, फिकट पिवळं, चपटं. कोल्हापुरात वर्षाची चटणी घरी करणाऱ्या प्रत्येकाकडे ते असतं आणि बहुतेक घरांत केरात जातं. पुढे मृग लागतो आणि त्याच घरातलं कुणीतरी चार कुंड्या मिरची लावायची म्हणून बियांचं पाकीट नाहीतर बाजारातून तरूची, म्हणजे तयार रोपांची, जुडी घेऊन येतं.

मी तिन्ही प्रकारे मिरची लावली आहे. माझा कल घरच्या बियाकडे आहे, हे आधीच सांगते. पण प्रत्येकाला ते सोयीचं पडेलच असं नाही.

साडीवर पडलेलं बी

हे बी उगवतं का? मिरची झाडावर लाल होऊन मग उन्हात वाळलेली असेल तर बहुतेक उगवतं. हिरव्या मिरचीतलं बी कोवळं असतं, त्याचा भरवसा नाही. भट्टीच्या जास्त आचेवर वाळवलेल्या मिरचीतलं बी मेलेलं असू शकतं, आणि भाजलेल्या मिरचीचा तर प्रश्नच नाही. बी यंदाच्या मिरचीचं असावं. दोन वर्षं डब्यात राहिलेल्या बियांची उगवण घसरते. तपकिरी, काळपट पडलेल्या बिया काढून टाका.

लावायच्या आधी एक परीक्षा घ्या. वीस बिया मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळायच्या आणि फडकं झाकणाच्या डब्यात ठेवायचं. डबा फ्रिजवर किंवा कुठेही उबेला राहू द्या. मिरचीच्या बियाला 25 ते 30 अंशांची ऊब लागते, मे-जूनमध्ये ती घरात आपोआप मिळते. आठ-दहा दिवसांनी फडकं उघडलं की बियांच्या टोकाशी पांढरा कोंब दिसतो. वीसातल्या बारा-चौदा फुटल्या तर बी उत्तम. पाच-सहाच फुटल्या तरी चार कुंड्यांना तेवढ्या पुरतात, फक्त बी जरा दाट टाकायचं.

आता याची उणी बाजू. मिरचीचं फूल स्वतःच्या परागानं फळतं, पण मधमाश्या शेजारच्या वाणाचा परागही आणून टाकतात. शिवाय ती मिरची संकरित (दोन वाणांच्या संकरातून केलेल्या) वाणाच्या शेतातली असेल, तर एकाच मिरचीतल्या बियांची चार रोपं चार तऱ्हेची निघतात. एक उंच, एक पसरट, एकीची मिरची जहाल, दुसरीची नुसती हिरवीगार. बाजारात ब्याडगी म्हणून मिळणारा सगळा माल जुन्या ब्याडगीचाच असतो असंही नाही. दहा गुंठे लावणाऱ्याला हे परवडणार नाही. चार कुंड्यांसाठी मला ते चालतं, कारण त्यातलं आपल्या जिभेला पटलेलं झाड मी पुढच्या वर्षीच्या बियासाठी निवडू शकते.

कुठल्या मिरचीचं बी घ्यायचं हेही बघा. ब्याडगी वाळवून रंगासाठी वापरायची मिरची, तिखटपणा कमी आणि फळात बीही कमी. रोजच्या फोडणीला आणि ठेच्याला हिरवी मिरची हवी असेल तर लवंगीचं बी घ्या. संकेश्वरी वाळवणाला चांगली, पण मूठभर लाल मिरच्या वाळवायच्या तर झाडंही तशीच लागतात.

पाकिटातलं बी

कृषी सेवा केंद्रात पाकीट हातात घेतलं की किमतीच्या आधी तीन गोष्टी वाचा: वाण सुधारित आहे की संकरित, चाचणीची तारीख आणि वैधता, आणि अंकुरणाचा आकडा. मिरचीसाठी प्रमाणित बियाण्याची किमान उगवण 60 टक्के धरलेली आहे. म्हणजे दहातल्या चार बिया उगवल्या नाहीत तरी पाकीट खोटं ठरत नाही. नवीन माणूस इथेच आपला हात वाईट आहे असं समजून बसतो.

सुधारित वाणांत निवड चांगली आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले ज्योती, तिला मिरच्या घोसानं लागतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा ज्वाला बुटकी आणि पसरट, मिरची लांब, वाकडी, फिकट हिरवी. कोकणातल्यांसाठी दापोलीची कोकण कीर्ती. या वाणांचं बी घरी धरता येतं. संकरित वाण भरघोस येतो, पण त्याचं बी पुढच्या वर्षी लावलं तर आई-बापासारखं निघत नाही, म्हणजे दरवर्षी पाकीट आलं.

पाकिटातली खरी अडचण मापाची. एक ग्रॅममध्ये दीडशेच्या वर बिया असतात आणि आपल्याला लागतात दहा. दोन-तीन शेजाऱ्यांत मिळून एक पाकीट घ्या. बियांना गुलाबी-निळा रंग असेल तर ते बुरशीनाशक असतं. हात धुवा, मुलांपासून लांब ठेवा आणि उरलेलं बी स्वयंपाकघरात ठेवू नका.

ढोबळी मिरची लावायची असेल तर मात्र पाकीटच घ्या. बाजारातली ढोबळी बहुतेक संकरित, तिच्या बियाची फळं कशी येतील सांगता येत नाही. तिला रात्री थंड लागतात, म्हणून मृगावर लावू नका, पाऊस सरल्यावर लावा.

तयार तरू

तरू आणला की पस्तीस-चाळीस दिवस वाचतात. मृगावर बी टाकलं तर जुलैच्या मध्यावर रोपं कुंडीत जातात आणि हिरव्या मिरच्या सप्टेंबरात हाती येतात. जूनच्या मध्यात तरू लावला तर ऑगस्टात तोडा सुरू होतो. ज्यांच्या बाल्कनीत जेमतेम चार तास ऊन येतं त्यांना मी तरूच घ्या म्हणते. बी उगवतं, पण उजेडाकडे धावणारी रोपं लांबट, मऊ होतात आणि पुढे उभी राहत नाहीत.

पण तरू घेताना पानं उलटून बघा. तीन वर्षांपूर्वी मी बाजाराच्या गर्दीत जुडी न सोडता घेतली. सहा रोपं लावली, पंधरवड्यात शेंड्याची पानं होडीसारखी वळली. बोकड्या, म्हणजे पानं वळण्याचा रोग. फुलकिडे, कोळी, पांढरी माशी यांच्यामुळे तो येतो, आणि पांढऱ्या माशीनं विषाणू आणला असेल तर त्या झाडाला औषध नाही, उपटणं एवढंच. माझी नवी सहा गेलीच, पण गच्चीवरची दोन वर्षांची, अजून फळणारी दोन जुनी झाडंही गेली. त्यांचं वाईट वाटलं ते अजून आठवतं.

मजबूत खोडाचं, वीतभर उंच, फूल न आलेलं रोप घ्या. जुडीपेक्षा ट्रेमधलं रोप बरं, मुळं मातीसकट येतात. लावणी संध्याकाळी करा. आणि वाण विचारा. उत्तर फक्त 'तिखट आहे' असं आलं, तर आपण काय लावतोय ते मिरची लागल्यावरच कळणार.

बी लावायचं ठरलं तर

घरचं असो वा पाकिटाचं, बी मरतं ते बहुतेक पाण्यानं. अर्धा सेंटीमीटर खोल, भुसभुशीत मिश्रणात टाका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत अर्धं-अर्धं मला पुरतं. उगवेपर्यंत ओल हवी, चिखल नको. पावसाची झड थेट लागली की रोपं जमिनीलगत मऊ होऊन कोलमडतात, एका रात्रीत अख्खा ट्रे जातो. म्हणून ट्रे पत्र्याखाली पण उजेडात ठेवा. कधीकधी कोंब वर येतो आणि बियाची टोपी पानांना घट्ट चिकटून राहते. ती ओढू नका. पाण्याचा एक थेंब ठेवा, तासाभराने बोटानं सोडवा.

परदेशातल्या आपल्या लोकांना एक सांगायचं आहे. थंड देशात बी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात, उबेला टाकावं लागतं. तिथल्या नर्सरीत लवंगी शोधण्यापेक्षा भारतीय दुकानातल्या सुक्या मिरचीतलं बी फडक्यात घालून बघा. इथून बी सोबत नेण्याआधी तिथले नियम तपासा, अनेक देशांत बी न सांगता आणायला बंदी आहे.

यंदा वेळ निघून गेली असेल, आषाढ लागला असेल, तर तरू आणा आणि त्यात एक तरी सुधारित वाणाचं रोप असू द्या. कुंडी दहा-बारा इंची, एकीत एकच झाड. त्यावरची पहिल्या बहरातली एक सरळ, निरोगी मिरची हिरवी तोडू नका. मी देठाला लाल दोरा बांधते, म्हणजे फोडणीच्या घाईत घरातलं कुणी ती खुडत नाही. ती झाडावरच लाल होऊन सुरकुतली की काढायची, कागदात गुंडाळून, वर वाणाचं नाव आणि साल लिहून ठेवायची.