लोअर केलेली बाइक घरी उचलायची तर पॅडॉक स्टँड घ्यावा की हायड्रॉलिक जॅक?

गाडी लोअर केली की दोन्ही पाय जमिनीला पुरतात, सिग्नलला भीती राहत नाही, सगळं मस्त. मग चेन साफ करायची वेळ येते आणि प्रश्न पडतो की आता हिला उचलायची कशी. माझ्याकडे रॉयल एनफिल्डची २०२३ ची इंटरसेप्टर ६५० आहे, मागे आखूड शॉकअप आणि पुढे टी मधून (फोर्क धरणारा क्लॅम्प) फोर्क वर सरकवून साधारण दीड इंच खाली घेतलेली. पॅडॉक (मागून लावून मागचं चाक वर उचलणारा स्टँड) आणि हायड्रॉलिक जॅक (फ्रेमखाली सरकवून पंप मारून गाडी उचलणारा) दोन्ही माझ्या पार्किंगमध्ये आहेत, दोन्ही भरपूर वापरलेत, म्हणून ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय. तुमची गाडी वेगळी असेल तर थोडं इकडेतिकडे होईल, पण गणित तेच राहील.

आधी डबल स्टँडचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात की इंटरसेप्टरला कंपनीकडूनच डबल स्टँड येतो मग हे सगळं कशाला. बरोबर आहे, तुमचा अजून लावलेला असेल तर काढू नका. गाडी खाली आल्यावर तो चढवायला जड जातो, कारण बॉडी खाली आली पण स्टँडची लांबी तीच राहिली, म्हणजे आता तेवढंच वजन जास्त उंच उचलावं लागतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे जेवढी गाडी खाली घेतली साधारण तेवढ्या जाडीची फळी मागच्या चाकाखाली घ्यायची आणि मग स्टँड मारायचा, जवळजवळ पहिल्यासारखा चढतो. मी मात्र माझा काढून टाकला, कारण आमच्या बिल्डिंगच्या रॅम्पवर आणि नाशिकच्या सिडकोतल्या उंच स्पीडब्रेकरवर तो दर वेळी घासायचा आणि तो आवाज ऐकवत नव्हता. तुमचाही काढलेला असेल, किंवा गाडीला मुळात डबल स्टँड नसेलच, तर पुढे वाचा.

आता मुख्य मुद्दा. लोअर केल्यावर खाली काय येतं? फ्रेम, इंजिन, सायलेन्सर, सीट. चाकाचा एक्सल खाली येत नाही, तो चाकाच्या मध्यावर असतो आणि चाक तेवढंच आहे. पॅडॉक स्टँड धरतो मागच्या चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला, एक्सलच्या अगदी जवळ. त्यामुळे गाडी लोअर आहे की नाही याचा त्याला फारसा फरकच पडत नाही. जॅक मात्र फ्रेमखालून आत जातो, म्हणजे नेमकी जी जागा आपण कमी केली तिथूनच. एवढं लक्षात आलं की निम्मा निर्णय झाला असं मला वाटतं.

तरी मी जॅक मनापासून वापरून पाहिला, कारण दोन्ही चाकं एकदम उचलणारी वस्तू कोणाला नको असते. आणि इथेच ती एक गोष्ट आली जिच्यामुळे माझा कल ठरला. इंटरसेप्टरचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स १७४ मिमी, दीड इंच गेला की उरतात १३५ च्या आसपास, त्यात मी सम्प गार्ड (इंजिनखालची संरक्षक पट्टी) लावलाय त्याची जाडी वजा करा. शिवाय गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते तेव्हा डावीकडची फ्रेमची नळी अजून खाली येते. माझा जॅक पूर्ण खाली केला तरी चार इंचांच्या वर आहे आणि त्यावर रबराचे पॅड. आत जातच नाही. एका बाजूने निम्मा जातो आणि दुसऱ्या नळीला अडतो.

मग काय, जॅक लावायचा तर आधी गाडी फळ्यांवर चढवायची. म्हणजे गाडी उचलण्यासाठी आधी गाडी उचला! वखारीतून इंचभर जाडीच्या तीन फळ्या आणल्या, पुढच्या चाकाला एक, मागच्याला एक आणि साइड स्टँडला एक, कारण चाकं वर गेली आणि स्टँड खालीच राहिला तर गाडी नको तेवढी कलते. २१८ किलोची गाडी हाताने ढकलत फळीवर चढवताना टायर कडेला टेकतो, जरा जोर लावला की फळी गुळगुळीत फरशीवरून मागे सटकते आणि गाडी तिथेच. फळीखाली जुन्या रबरी मॅटचे तुकडे चिकटवले तेव्हा कुठे सटकायची थांबली. पुढचं चाक चढलं की मागचं चढवायचं, ते चढताना पुढचं पलीकडून उतरायला बघतं. हे सगळं जमल्यावर जॅक आत, मग दोन्ही नळ्यांवर तो सारखा बसलाय का ते मोबाइलच्या टॉर्चने वाकून बघायचं, मग पंप मारायचे. मोठं काम असेल तर ठीक आहे हो. पण पावसाळ्यात त्र्यंबक रोडने जाऊन आलं की चेन चिखलाने भरलेली असते, त्या दहा मिनिटांच्या ल्यूबसाठी अर्धा तास फळ्यांचा खेळ कोण करणार? मी चेनचं काम पुढे ढकलायला लागलो होतो, आणि ज्या वस्तूमुळे देखभाल टळते ती माझ्या मते देखभालीसाठी चुकीची वस्तू आहे.

पॅडॉकचंही सगळं गोडगोड नाही. पहिली अडचण, दुसरा माणूस लागतो. गाडी साइड स्टँडवरून सरळ करून एकाने हँडल धरायचं आणि दुसऱ्याने मागून स्टँड लावून दाबायचा. एकट्याने करणारे लोक आहेत, मी मात्र एवढ्या वजनाच्या गाडीला एकट्याने करत नाही आणि तुम्हीही सुरुवातीला करू नका. आमच्याकडे बायको हँडल धरते, आणि "अहो, सोडू का आता?" असं विचारून माझं हो आल्याशिवाय हात काढत नाही, हा नियम आम्ही पक्का ठेवलाय. दुसरी अडचण सायलेन्सरची. इंटरसेप्टरचे दोन्ही सायलेन्सर मागपर्यंत येतात आणि गाडी लोअर झाली की स्विंगआर्मच्या मानाने तेही खाली येतात. स्टँडची रुंदी आणि ब्रॅकेट (ज्यांच्यावर स्विंगआर्म टेकतो) नीट सेट केले नाहीत तर दांडा सायलेन्सरला टेकतो. माझ्याकडे बोटभर जागा राहते, पण त्यासाठी रबरवाले ब्रॅकेट अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून थोडे आत घेऊन वेल्ड करून घ्यावे लागले. एकदा बसलं की मात्र बसलं. आता मागचं चाक दोन मिनिटांत हवेत असतं, हाताने फिरवत चेन साफ करतो, ताण बघतो, झालं.

चेनवरून आठवलं, चाक हवेत आहे म्हणून इंजिन चालू करून गिअरमध्ये टाकून चेन साफ करणारे बघितलेत. कृपा करून असं करू नका, फडकं ओढलं गेलं की मागोमाग बोट जातं. इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हाताने.

जॅक कुठे जिंकतो तेही सांगायला हवं, नाहीतर एकतर्फी होईल. पॅडॉक स्विंगआर्मला धरतो, म्हणजे गाडीचं मागचं वजन शॉकअपमधूनच स्टँडवर येतं. दोन्ही शॉकअप एकदम काढले तर बॉडी खाली बसणार. लोअर केलेली गाडी विकताना परत मूळ शॉकअप बसवायचे असतात तेव्हा हे नक्की आठवा. एकेक करून बदलता येतात, पण फ्रेमखालून आधार असेल तर काम निवांत होतं आणि तिथे जॅकच हवा. पुढचं चाक, फोर्कचं ऑइल, हँडलचे बेअरिंग ही कामंही नुसत्या मागच्या पॅडॉकने होत नाहीत. इंजिन ऑइलची लेव्हल बघतानाही पॅडॉक उपयोगाचा नाही, कारण मागून वर उचलली की गाडी पुढे झुकते आणि लेव्हल चुकीची दिसते, ती सपाट जागेवर गाडी सरळ धरूनच बघायची. थोडक्यात, तुम्ही फोर्क घरी खोलणारे असाल तर जॅक घ्याच, फळ्यांसकट.

जॅक घेतला तर दोन गोष्टी. हायड्रॉलिकच्या भरवशावर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, सील कधी गळेल सांगता येत नाही, वर गेली की फ्रेमखाली लाकडी ठोकळे सरकवायचे आणि रॅचेट पट्ट्याने गाडी जॅकला बांधायची. आणि एक चाक काढलं की तोल बदलतो. मागचं चाक काढलं की मागचं वजन कमी होतं आणि गाडी पुढे झुकते, म्हणून नट ढिला करायच्या आधीच पुढच्या चाकाखाली ठोकळा हवा. जाम झालेले एक्सलचे नट तर गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्या, हवेत असताना लांब पाना लावून झटका मारायचा नाही.

मेकॅनिक लोक वापरतात तो स्क्रूचा कैंची जॅक मी मित्राकडे वापरून पाहिलाय. जास्त खाली बसतो, त्यामुळे आत जातो, हे त्याचं मोठं काम. पण पाया एवढासा की वर गेल्यावर गाडी डुलते, आणि ते मला सहन होत नाही. इंजिनखाली नुसता टेकू म्हणून ठीक.

जमिनीचंही बघा. आपल्याकडे नव्या बिल्डिंगमध्ये पार्किंगला पेव्हर ब्लॉक असतात, जॅकची बारीक चाकं त्यांच्या फटीत अडकतात आणि वर गेलेली गाडी जागेवर सरकवायची म्हटलं की धक्के बसतात. पॅडॉकलाही थोडा त्रास होतो, पण खाली प्लायचा तुकडा टाकला की भागतं. उतारावर दोन्ही नको. पॅडॉकवर गाडी चढल्यावर पुढचा ब्रेक रबरी पट्ट्याने बांधून ठेवा, पुढच्या चाकाला दोन्हीकडून उटी (अडवणारा ठोकळा) लावा आणि साइड स्टँड उघडाच राहू द्या.

पैशाचं म्हणाल तर जॅक बराच महाग पडतो, आणि घरात जागाही जास्त खातो. माझ्या मते लोअर गाडीवाल्याने आधी पॅडॉक घ्यावा, बॉबिन (स्टँड अडकवायला स्विंगआर्मला लावतात ते गोल खुंटे) किंवा ब्रॅकेट आपल्या स्विंगआर्मला बसतात का ते गाडी दुकानात नेऊन प्रत्यक्ष लावून बघावं, सायलेन्सरला किती जागा उरते ते बोटाने मोजावं. जॅकच घ्यायचा असेल तर दुकानात जाण्याआधी घरी कोणाला तरी गाडी सरळ धरायला लावा आणि फ्रेमच्या सगळ्यात खालच्या नळीपासून जमिनीपर्यंत टेप लावा, मग साइड स्टँडवर ठेवून परत मोजा. दुकानदार जॅक किती उंच जातो ते सांगेल, तुम्ही तो किती खाली बसतो ते विचारा.