ओझोनची दहा सिटिंग आणि बाबांचा अंगठा

बाबांना अठरा वर्षांपासून शुगर. गेल्या पावसाळ्यात चप्पल चावली, पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. सर्जननी इन्सुलिन आणि रोजचं ड्रेसिंग चालू ठेवा म्हणून बजावलं होतं. तेवढ्यात ओळखीतल्या एकांनी ओझोन थेरपीचं क्लिनिक सुचवलं. ‘कापाकापी टळेल’ एवढं ऐकलं आणि आम्ही गेलो. भिंतीवर पाटी होती : मधुमेह मुळापासून बरा.

दहा सिटिंगचे ४५,००० रुपये आगाऊ, रोख. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून दिला.

पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टिकची पिशवी चढवायचे, वर पट्टा आवळायचे आणि मशिनच्या नळीने आत गॅस सोडायचे. खोलीभर झेरॉक्सच्या दुकानासारखा वास. मला ठसका लागायचा. ‘काका, हा शुद्ध ऑक्सिजनच आहे,’ असं बाबांना सांगायचे. साफ खोटं. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू, ओझोनच्या तीन. पाणी निर्जंतुक करायला तो वापरतात हे खरं, पण श्वासातून गेला की तोच फुफ्फुसांना इजा करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमात तो विषारी वायू आहे आणि उपचारात त्याचा काही उपयोग ज्ञात नाही, असं स्पष्ट लिहिलंय. हे मी फार उशिरा वाचलं.

चौथ्या सिटिंगला इन्सुलिन निम्मं करायला लावलं. पाचव्यानंतर जखमेला घाण वास सुटला, तर म्हणे जंतू मरतायत. बाबा ‘दुखत नाही रे’ म्हणायचे आणि आम्हाला बरं वाटायचं. शुगरमुळे पायाची जाणीवच गेली होती, म्हणून दुखत नव्हतं! सहाव्या दिवशी रक्त काढून, त्यात ओझोन मिसळून परत शिरेत चढवायचं नवं पॅकेज पुढे केलं. आई तिथेच उठली आणि बाबांना घेऊन बाहेर पडली.

सर्जननी पट्टी सोडली तेव्हा अंगठा काळा पडला होता. दुसऱ्या दिवशी तो काढावा लागला.

मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायद्याने गुन्हा आहे. आम्ही आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली, पण तोवर ती पाटी उतरवलेली होती. तुमच्या घरचं कुणी अशा ठिकाणी जात असेल तर आजच पाटीचा फोटो काढा, पक्की पावती मागा आणि इन्सुलिनचा डोस नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू देऊ नका.