आखाजीला भरलेलं धान्य दिवाळीपर्यंत: एरंडेल, निंब आणि वेखंड वापरून पाहिल्यावर

अमळनेर तालुक्यातलं आमचं खेडं. गहू, दादर (रब्बी ज्वारी), तूर, मूग सगळं घरचंच, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत ते कोठ्यांत गेलेलं असतं. आजवर ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी फडक्यात बांधून टाकायचो. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि आमच्या कोठ्या झोपायच्या खोलीत. यंदा गोळी बंद केली.

सगळ्यात चोख निकाल कडधान्यात आला. किलोला साधारण 5 मिली तेल, शेंगदाण्याचं चालतं, एरंडेलही चालतं; दाण्यादाण्याला लागेल असं तळहाताने चोळायचं. भुंगा दाण्यावर अंडं चिकटवतो. वर तेलाचा थर असला की अंड्याला हवा मिळत नाही, अळी दाण्यात शिरायच्या आतच मरते. मूग दिवाळीला भरला तसाच निघाला. तुरीचं तेवढं सोपं नाही. तिथे भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, म्हणजे खळ्यातून घरी येतानाच अळी दाण्याच्या पोटात असू शकते. तिच्यापर्यंत तेल कुठून पोचणार? म्हणून आधी ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतोच. गच्चीवर काळी ताडपत्री, तिच्यावर तुरीचा पातळ थर, वरून पारदर्शक प्लास्टिक, कडा दाबून. आत 60 अंशांच्या आसपास तापतं आणि दाण्यातली अळीही जगत नाही. तूर पूर्ण निवाली की मग तेल. अर्थात जमेल तेवढ्या तुरीची डाळच करून ठेवावी हे माझं मत. भुंग्याला अख्खा दाणा लागतो, डाळीत त्याचा जम बसत नाही.

गव्हालाही एरंडेलच लावलं. पोळ्यापर्यंत सोंडा किडा दिसला नाही, नंतर तुरळक. चक्कीवाला मात्र कुरकुरतो, त्यामुळे दळणाच्या आधी गहू कोरड्या फडक्याने पुसून देते.

दादरीच्या भाकरीला एरंडेलाचा वास नको म्हणून तिच्यात फक्त निंबाचा पाला, सावलीत कुरकुरीत वाळवलेला. ओलसर पाला घातला तर बुरशीच लागेल. पित्रांच्या सुमारास दादरीत टोके निघालेच. निंब किडीला झटकन मारत नाही. तिचं खाणं, अंडी घालणं आणि कात टाकणं बिघडवतो. त्यातलं ॲझाडिरॅक्टिन मुख्यतः निंबोळीच्या बीमधल्या गरात असतं, पाल्यात कमी. सासूबाईंना हे मान्य नाही, त्यांच्या मते मी पाला घालताना हात आखडला!

निंबोळीची पूड आणि वेखंड मी फक्त बियाण्यात वापरलं. बियाणं स्वच्छ राहिलं. पण वेखंडातला बीटा-ॲसारोन शरीराला चांगला नाही, खायच्या धान्यात ती पूड मिसळू नये.

खापरा नावाच्या किडीला यातलं काहीच पुरेसं नाही. कडक उन्हाळा आणि कोरडं धान्य त्याला मानवतं, अळ्या कोठीच्या सांध्यात नि जुन्या गोणपाटात दडून बसतात. कोठी घासून तापवणं, गोणपाट उकळत्या पाण्यातून काढणं, हे भरायच्या आधीच व्हायला हवं.

पुढच्या वर्षी दादर हवाबंद पिशव्यांत भरणार, बाकीच्याला तेल कायम. चोळायला माणसं लागतात, घरखर्चाच्या धान्यापुरतंच ते परवडतं. विकायच्या मालाला लावू नका, व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो आणि तेलकट लागले की भाव पाडतो.