कोकणात समुद्राजवळ घर बघताय? इसार (व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम) देण्याआधी आमचं काय झालं ते वाचा

गावाचं आणि माणसाचं नाव टाकत नाही, वकिलांनीच नको म्हणून सांगितलंय. पण पद्धत सगळी सांगतो, कारण कोल्हापुरातनं रिटायर झालेल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात हेच असतं, पेन्शन सुरू झाली, आता खाली समुद्राजवळ एक छोटं घर बघूया. आमचंही तेच. मी बँकेतला, मिसेस झेडपीच्या शाळेतल्या, गाडी काढायची आणि फिरायचं, कधी आजऱ्यावरनं आंबोली उतरून वेंगुर्ल्याकडं, कधी गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरून वैभववाडी तळेरे करत देवगड. तारकर्लीचे भाव ऐकून तिथं परत गेलोच नाही. मग ऑनलाईन जाहिरातीत एक घर दिसलं, मालवण आणि देवगडच्या मधल्या पट्ट्यात, चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, मागं माड, विहीर, पडवीतनं समुद्र दिसतो, बत्तीस लाख.

एजंट पस्तिशीचा, गोड बोलणारा, काका-काकी करत. पहिलाच प्रश्न त्यानं विचारला, काका तुमच्याकडं शेतकरी दाखला आहे ना? कारण जमीन शेतीची असली तर कूळकायद्याच्या कलम 63 नं बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही. मिसेसच्या नावावर माहेरची कागलला जमीन आहे, त्यामुळं तो प्रश्न मिटला, पण त्या एका प्रश्नानं आमच्या मनात बसलं की माणूस कायद्यानं चालणारा आहे. हे असले लोक सगळं खोटं बोलत नाहीत. नव्वद टक्के खरंच असतं आणि तीच अडचण आहे.

बघायला शनिवारीच या म्हणायचा. नाहीतर रविवारी. आम्हाला वाटायचं त्याच्या सोयीनं असेल. आता कळतंय, फेब्रुवारी 2020 च्या शेवटापासनं सरकारी ऑफिसं पाच दिवसांची झालीयत, शनिवार-रविवारी तलाठी भेटणार नाही, खरेदीखतं नोंदवणारं दुय्यम निबंधकाचं ऑफिस बंद, ग्रामपंचायतीला कुलूप, म्हणजे घाटावरनं आलेला माणूस घर बघणार, समुद्र बघणार, मासे खाणार आणि एकही कागद न तपासता इसार देऊन वर जाणार.

घर आतनं बघितलं तेव्हाचं सांगतो. गेली दहा वर्षं बंद आहे म्हणाला, पण दारातल्या तुळशीची माती ओली होती. माजघरात एका भिंतीवर रंगवलेलं चित्र, कमळं, मोर, रंग ताजा, आणि वर छताला लाकडी चौकट टांगलेली. आम्ही घाटावरचे, म्हटलं कपडे वाळत घालायला असेल. ती माटवी. गणपतीत तिला फळं-पानं बांधतात आणि ती भिंत दरवर्षी गणपतीच्या आधी नव्यानं रंगवतात. म्हणजे ते बंद घर नव्हतंच, सगळ्या भावकीचं गणपतीचं घर होतं, मुंबईवरनं सगळे तिथंच येतात. असलं घर एकटा माणूस विकायला काढतो हेच मुळात अशक्य, पण ते कोकणातल्या माणसाला बघताक्षणी कळेल, कोल्हापूरच्याला कसं कळायचं?

कागद काय दाखवले, तर ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा विकणाऱ्याच्या नावाचा, घरपट्टीची पावती त्याच्याच नावाची आणि व्हॉट्सअॅपवर सातबाऱ्याचा फोटो, त्यातही त्याचं नाव. तिन्ही खरे. फक्त असेसमेंट उतारा हा घरपट्टी कुणाकडनं वसूल करायची त्याचा कागद आहे, मालकीचा नाही. आणि सातबाऱ्याचा फोटो खालनं कापलेला होता. पुढं पंधरा रुपये भरून महाभूमीच्या सरकारी साईटवरनं डिजिटल सहीचा सातबारा काढला तर त्याच्या नावाखाली आणखी बावीस नावं आणि पुढं लिहिलेलं सामाईक क्षेत्र. पोटहिस्सा झालेला नाही, कुणाचा कुठला कोपरा ते ठरलेलं नाही, त्यातले काही वारले असून वारसनोंद नाही. कोकणात असले सातबारे ढिगानं आहेत, त्यात काही गैर नाही, पण तेवीस सह्या आल्याशिवाय घर तुमचं होत नाही.

आता पैशाचं. आधी बुकिंग म्हणून एक्कावन्न हजार फोनवरनं, मग इसार दोन लाख, तो विकणाऱ्याच्या नाही तर एजंटच्या भाच्याच्या खात्यात (मालकाचं खातं केवायसीमुळं बंद आहे म्हणे). पाचशेच्या स्टॅम्पवर इसार पावती, नोटरी, सगळं व्यवस्थित. पावतीत एक ओळ होती, पंचेचाळीस दिवसांत उरलेली रक्कम देऊन खरेदी न केल्यास इसार जप्त. मोठ्या व्यवहारात अशी अट असतेच, त्यात संशय येण्यासारखं काही वाटत नाही. पण विकणाऱ्यानं काय करायचं, हिस्सेदारांच्या सह्या कधीपर्यंत आणायच्या, नाही आणल्या तर काय, याबद्दल एक अक्षर नाही. मग सुरू झालं, मुंबईचे हिस्सेदार पितृपक्ष संपल्यावर येतील, एक काका दवाखान्यात आहेत, सह्यांसाठी मुंबईला जायला खर्च लागतोय तीस हजार द्या, तेही रोख दिले. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी मेसेज, काका तुम्ही ठरलेल्या तारखेला रक्कम घेऊन आला नाहीत, मालक नाराज आहेत.

म्हणजे धंदा घर विकायचा नाहीच. धंदा इसाराचा आहे.

हे पक्कं कधी झालं, तर आम्ही न सांगता एका मंगळवारी खाली उतरलो तेव्हा. शेजारची एक म्हातारी काकी कळशी घेऊन विहिरीवर निघाली होती, तीच तुळशीला पाणी घालते. आम्हाला बघून म्हणाली, "तुमी पण घर बघूक इलात? गेल्या म्हयन्यात बेळगावची माणसा इली हुती, तेंका पण ह्योच घेवन इललो." चावी तिच्याकडचीच, साफसफाई करायची म्हणून एजंट न्यायचा. "गणपतीचा घर ह्या, ह्या कोण इकतलो?" मिसेस तिथंच पायरीवर बसल्या. काकीनं त्यांना पाणी दिलं आणि डोंबिवलीच्या एका हिस्सेदाराचा नंबर दिला. त्या गृहस्थांना फोन लावला तर ते आमच्यावरच भडकले, आमचं घर विकत घेणारे तुम्ही कोण. बरोबर आहे त्यांचं.

वकिलांनी सांगितलं ते ऐका. एक हिस्सेदार स्वतःचा अविभक्त हिस्सा विकू शकतो, कायद्यानं बंदी नाही, पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणं एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्यानं घेतला तर त्याला त्या घरात इतरांबरोबर राहायचा हक्क मिळत नाही. म्हणजे समजा खरेदीखत झालं असतं तरी आम्ही पडवीतसुद्धा बसू शकलो नसतो. वर मजला काढून होमस्टे करा असं एजंट म्हणत होता तेही खोटं, किनाऱ्यावरच्या बहुतेक खेड्यांत सीआरझेडमध्ये (किनाऱ्याजवळच्या बांधकामाचे नियम) भरतीरेषेपासून 200 मीटर ना विकास क्षेत्र असतं आणि घर तर पुळणीला लागूनच.

पोलीस स्टेशनला गेलो तर पहिल्यांदा दिवाणी बाब आहे म्हणून वाटेला लावलं. मग बेळगावचं कुटुंब शोधलं, त्यांची पावती आणि आमची पावती शेजारी शेजारी ठेवली, घर तेच, नोटरी तोच, तारखांमध्ये पंधरा दिवसांचं अंतर, आमची मुदत चालू असताना त्यांच्याकडनं इसार घेतलेला. तेव्हा कुठं अर्ज घेतला, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 लागतंय म्हणाले. कुणाचा असाच इसार अडकला असेल तर दुसरा अडकलेला माणूस आधी शोधा, एकट्याचं कुणी ऐकत नाही.

पैसे अजून मिळालेले नाहीत. भाच्याच्या खात्यात गेलेली रक्कम बँकेच्या स्टेटमेंटवर दिसते तेवढाच आधार, रोख दिलेले तीस हजार तर गेलेच समजतोय. जाहिरात चालू आहे, फोटो तेच, भाव चौतीस लाख केलाय, नंबर नवीन. परवा आमच्या मेव्हण्यानं गिऱ्हाईक म्हणून फोन लावून बघितला, बुधवारी येतो म्हणाला. तर समोरनं उत्तर आलं, बुधवारी नको काका, शनिवारी या.