ग्रामपंचायतीचा दाखला: स्वतःच्या मोबाईलवरून की सेवा केंद्रातून?

जन्म किंवा विवाह नोंदीचा दाखला, नमुना ८ चा (घर-मालमत्तेच्या कर आकारणीच्या नोंदीचा) उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला अशा ग्रामपंचायतीच्या सेवांसाठी महाराष्ट्रात दोन डिजिटल वाटा आहेत: ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर स्वतः अर्ज करणे, किंवा गावातील आपले सरकार सेवा केंद्रात केंद्रचालकाकडून तो भरून घेणे.

संकेतस्थळाची वाट स्वस्त आहे आणि तिला वेळेचे बंधन नाही. मात्र कागदपत्रे ठरावीक आकारात चढवणे ज्यांच्या सवयीचे नाही, त्यांची पहिल्याच पानावर अडचण होते. अशांना, विशेषतः वृद्धांना आणि निराधार असल्याचा दाखला मागणाऱ्यांना, केंद्रच जवळचे वाटते, आणि ते योग्यच आहे.

खरा फरक अर्जानंतर जाणवतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित (शासनाने या कायद्याखाली जाहीर केलेली) सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्यास 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. स्वतः अर्ज करणाऱ्याकडे अर्ज क्रमांक असतो, त्यामुळे मुदत कधी संपली हे त्याला कळते. केंद्रात चालकाने सोयीसाठी स्वतःचाच मोबाईल क्रमांक नोंदवला, तर पुढचे सारे संदेश त्याच्याकडे जातात आणि अर्जदाराला अपिलाचा हक्क असूनही त्याचा पत्ता लागत नाही. तरीही मी केंद्राची बाजू घेईन, पण अर्जदाराचा क्रमांक पडताळल्याशिवाय आणि मुदतीची तारीख छापलेली मराठी पावती हाती दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही, अशी रचना प्रणालीतच असावी.